काळ्या काचेआडचे शहाणे

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश मारायला बंदी आहे. प्रखर उजेडाने चित्रं खराब होतात म्हणून. उत्तम! तिथून चार किलोमीटरवर फर्दापूरच्या फाट्यावर मात्र दुचाकीवाल्यांच्या जिवंत डोळ्यांची काळजी वाहायला कुणी नाही. डोळेवाले स्वतःही नाहीत.

त्यांना काळजी असते गॉगल कसा दिसतो याची. त्यातून काय दिसतं याची नाही.

वर अजिंठा गाव, मध्ये घाट, खाली फर्दापूर. पुढे जळगाव, म्हणजे उन्हाचं माहेर. रस्त्याच्या कामाने इथल्या लोकांना कित्येक वर्षं धूळ चारली. भर दुपारी डांबराकडे बघवत नाही, ट्रकच्या मागे खडी उडते, दिवस कलला की चिलटं. डोळ्याला एवढे वैरी, आणि राखणदार कोण? रस्त्याकडेला टांगलेला मर्क्युरी गॉगल.

घासाघीस करून निम्म्या भावात घेतलेला. मग तो चांगलाच असणार!

काच जेवढी काळी तेवढी डोळ्याला चांगली, हा आपला लाडका समज. रंगाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा काडीचा संबंध नाही. हेल्मेटची बिनरंगाची पॉलिकार्बोनेट काच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. उलट, नुसत्या रंगवलेल्या प्लास्टिकमागे अंधार होतो, बाहुली मोठी होते आणि किरणांना दार सताड उघडं मिळतं.

चोरासाठी दार उघडायचे पैसे आपणच मोजतो.

काहीजण हेल्मेट घालतात. त्यांचं कौतुक. पण काच कपाळावर! का, तर आत गरम होतं. मग हेल्मेट कुणासाठी? दंडासाठी. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. चिलट डोळ्यात गेलं, दोन सेकंद डोळा चोळला, की 33 मीटर मिटल्या डोळ्यांनी. घाटात तेवढ्यात रस्ता वळतो.

तुम्ही वळत नाही.

मोटारीच्या काचांसाठी कायदा कडक आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून 50. काळ्या फिल्मवर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडगा उगारला. पण नाक्यावर कुणी हेल्मेटची काच निरखून पाहिल्याचं ऐकलंय? चार चाकांवरच्या माणसाला दिसलं पाहिजे, दोन चाकांवरच्याने अंदाजाने चालवावं!

युरोपातल्या हेल्मेटच्या जुन्या नियमांत (ईसीई 22.05) 80 टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणाऱ्या काचेवर ‘फक्त दिवसा वापरा’ असा शिक्का लागायचा. 50 टक्क्यांखालची काच चालतच नव्हती. आपल्याकडे निम्माही उजेड न सोडणारी काच घालून माणूस रात्री वरातीला जातो. वर फोटो काढतो.

आणि खरे कलाकार तर काळ्या काचेच्या आत काळा गॉगल लावतात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! जरा हिशेब करा. काच 50 टक्के उजेड सोडते, गॉगल 15 टक्के. डोळ्यापर्यंत पोचतो साडेसात टक्के. गॉगलच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत आठ टक्क्यांखालचा माल चौथ्या वर्गात जातो, आणि चौथ्या वर्गाचा गॉगल लावून वाहन चालवू नये असं तिथे स्पष्ट सांगितलेलं असतं.

तो बर्फाच्या डोंगरांसाठी असतो. फर्दापुरात बर्फ फक्त रसवंतीत.

लेण्यात शिरल्यावर पहिली काही मिनिटं काय दिसतं? काळोख. मग पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हळूहळू उमटतो. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. पद्मपाणी दीड हजार वर्षं थांबलाय, आणखी थोडा थांबेल. घाटाच्या सावलीत उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली डोळे सरावायची वाट बघत नाही.

‘नाईट व्हिजन’चा पिवळा चष्मा घेतलाय? शाब्बास. अमेरिकेत 2019 मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. पिवळ्या काचेने रात्री पादचारी लवकर दिसतात का, हे तपासलं. दिसत नाहीत. साधी गोष्ट आहे. रात्री उजेड आधीच कमी, त्यातला थोडा काच गिळणार.

पिवळ्याचा धडा खरं तर इथल्याच डोंगरात आहे. निजामाच्या सरकारने 1920 च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी चित्रांच्या रक्षणासाठी लाखेचा लेप लावला. पुढे लेपच पिवळा पडला, चित्रं त्याच्याआड गेली. रक्षण झालं, दिसेनासं झालं!

पोलराइज्ड गॉगल महाग, म्हणून भारी? तो ओल्या डांबरावरची चमक घालवतो. सांडलेलं ऑइल लांबून ओळखू येतं ते त्याच चमकेवरून. एरवी उपयोगाची वस्तू आहे, पण पहिल्या पावसात दुकानदारापेक्षा रस्त्याचं ऐका.

काही महाभागांचा नंबरचा चष्मा खिशात असतो आणि बिननंबरचा गॉगल डोळ्यावर. यांच्याशी काय बोलणार? समोरून येतोय तो मित्र की ट्रक, हे यांना हॉर्नवरून कळतं.

आता सफाई. धुळीने माखलेली काच गमछ्याने खसाखसा पुसायची, आणि हौस आली तर पेट्रोलच्या बोळ्याने. धूळ पॉलिश पेपरचं काम करते, पेट्रोल पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं. मग रात्री समोरच्या एका हेडलाइटच्या पन्नास होतात आणि आपण शिव्या घालतो ट्रकवाल्याला. ओरखडे कुणी पाडले?

तेव्हा ऐका. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, त्याला साधी पारदर्शक काच, आणि ती खाली. उन्हाचा त्रास असेल तर आत सरकणारी काळी पट्टी असलेलं हेल्मेट घ्या. घाटाच्या तोंडाशी बोटाने वर करता येते. काळी काच हवीच असेल तर दिवसा लावा, पारदर्शक काच सोबत ठेवा आणि दिवेलागणीआधी बदला. नंबर असेल तर नंबरचा चष्मा आत. काच आधी भरपूर पाण्याने धुवा, मग मऊ फडक्याने टिपा. ओरखडे पडले की नवी बसवा, काही शे रुपयांत मिळते.

एवढं करूनही फोटो चांगला येत नसेल, तर गाडी बाजूला लावा, हेल्मेट काढा आणि मग खुशाल गॉगल चढवा.