पितळ उघडं पडेपर्यंत

कॅमेऱ्याच्या बाहेरच्या रंगाचा आत उमटणाऱ्या फोटोशी काडीचाही संबंध नसतो. काळ्या कॅमेऱ्यातून सिंहगड जास्त उंच दिसत नाही आणि चंदेरी कॅमेऱ्यातून खडकवासल्याचं पाणी जास्त चमकत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, दुसऱ्या कोणी विचारलं तर मी ते ठणकावून सांगतोही. तरीसुद्धा गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात एकच वाद धुमसतो आहे: काळा की चंदेरी?

कॅमेरा कोणता, ते ठरलं आहे. फुजीफिल्मचा एक्स100व्हीआय. 40 मेगापिक्सेल, लेन्स एकच आणि तीही न निघणारी, म्हणजे पुढच्या लेन्सखरेदीची वाट कायमची बंद. (घरात हा मुद्दा मी जरा जास्तच जोर देऊन मांडला.) इथपर्यंतचं सगळं सोपं होतं, कारण प्रत्येक प्रश्नाला आकडा होता. आकडे शेजारी शेजारी मांडले की निर्णय घेतल्याचा आव तरी आणता येतो. रंगाला आकडा नाही. बरं, किंमत तरी वेगळी असावी! काळा हजार रुपयांनी स्वस्त असता तर काळ्या रंगातल्या सौंदर्यावर मी तासभर बोललो असतो. पण दोन्हींची किंमत एकच. कंपनीनं माझी पळवाटच बंद केली.

काळ्याच्या बाजूनं खरा तांत्रिक मुद्दा एकच आहे, तो म्हणजे काच. रेल्वेच्या बंद खिडकीतून घाटातला धबधबा टिपायला जावं, किंवा केळकर संग्रहालयातल्यासारखं काचेचं कपाट असावं, आत अडकित्ते मांडलेले असावेत, आणि घरी येऊन पाहावं तर अडकित्त्यांच्या मधोमध आपल्याच कॅमेऱ्याचं चकचकीत कपाळ. काळा कॅमेरा हे टाळतो. मात्र काळा कॅमेरा घेऊन पांढराशुभ्र सदरा घालून गेलेल्या माणसाला याचा काही उपयोग नाही. उलट बाजूनं, काळी वस्तू उन्हात जास्त तापते. कॅननच्या लांबलचक टेलिफोटो लेन्स पांढऱ्या असतात त्या याच कारणानं. पण त्या लेन्स तासन्‌तास मैदानावर उन्हात उभ्या असतात. मी मे महिन्यात दुपारी बारानंतर गॅलरीतसुद्धा जात नाही.

मग इतिहासाकडे वळलो. इतिहास निदान बाजू घेतो, अशी आपली समजूत असते. लायका हा छोट्या कॅमेऱ्यांचा मूळपुरुष. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला तेव्हा काळाच होता, पितळेवर काळा रंग दिलेला. 1933 च्या आसपास क्रोमचा मुलामा आला. तो टिकाऊ, शिवाय दिसायला आधुनिक, त्यामुळे काळा जुनाट ठरला. 1954 चा प्रसिद्ध एम3 बहुतांशी चंदेरीच विकला गेला. तेवढ्यात वृत्तछायाचित्रकारांनी काळा मागायला सुरुवात केली, कारण गर्दीत तो डोळ्यांत भरत नाही. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकून टाकत असे. 1959 मध्ये निकॉन एफ आला, तोही दोन रंगांत, आणि काळ्याला जास्त पैसे पडत. झालं! जो रंग तीस वर्षांपूर्वी जुनाट होता, तो आता व्यावसायिकांचा गणवेश झाला. पुढे 1976 चा कॅनन एई-1 लाखोंनी खपला. त्याचं चंदेरी डोकं खरं म्हणजे प्लास्टिकचं होतं, वरून क्रोमसारखा बाज दिलेला. कुणाची काही तक्रार नव्हती. मग डिजिटल आलं आणि काही वर्षं बहुतेक गंभीर कॅमेरे काळेकुट्ट झाले. 2011 साली फुजीनं पहिला एक्स100 आणला तो चंदेरी, थेट आजोबांच्या कपाटातून काढल्यासारखा, आणि लोक भारावले. म्हणजे इतिहासही माझ्यासारखाच. दर वीस-पंचवीस वर्षांनी मत बदलतो आणि प्रत्येक वेळी हेच शेवटचं म्हणून सांगतो.

आता तो डोळ्यांत न भरण्याचा मुद्दा. पॅरिसमध्ये तो असेल बुवा खरा. आपल्याकडे रस्त्यावर कॅमेरा डोळ्यांवर नेला, मग तो काळा असो की पोपटी, की दोन मिनिटांत सगळ्या मंडईला बातमी. समोरची भाजीवाली पदर सावरते, वांग्यांचा ढीग नीट करते, शेजारणीला हाक मारते आणि मग विचारते, "कुठल्या पेपरात येणार, दादा?" वारीत तर विचारायलाच नको. आपण तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हातारीचा चेहरा नकळत टिपायला जावं, तर तिच्या आधी चार तरुण वारकरी चौकटीत शिरतात आणि "माऊली, आमचा एक काढा की" म्हणून खांद्यावर हात टाकून उभे राहतात. विसर्जन मिरवणुकीत कॅमेरा कुठल्याही रंगाचा घेऊन जा, परतताना तो गुलाबी असतो. शटरच्या चकतीवर कोरलेल्या आकड्यांत गुलाल जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत टूथब्रशनं काढावा लागतो. अशा ठिकाणी कॅमेऱ्यानं काळं पांघरून लपण्याचं सोंग करण्यात अर्थ नाही.

चंदेरी कॅमेऱ्याचा मात्र एक वेगळाच गुण आहे. त्याला कोणी घाबरत नाही. मित्राचा चंदेरी एक्स100 घेऊन पर्वतीवर गेलो होतो. काळा, मोठ्या लेन्सचा कॅमेरा पाहिला की लोक "परवानगी आहे का?" या नजरेनं बघतात. याला पाहून एक फिरायला आलेले आजोबा थेट जवळ आले. "रोल मिळतो का हो अजून?" म्हणाले. हा डिजिटल आहे, रोल लागत नाही, असं सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी आपल्या याशिकाची कथा सुरू केली, थेट मुंजीपासून. फोटो एकही निघाला नाही, पण छत्तीस फोटोंच्या रोलमधून सदतिसावा कसा काढायचा, हे त्यांनी हातवारे करून शिकवलं. रोल भरताना पहिले दोन फोटो वाया घालवायचे नाहीत, अंधाऱ्या खोलीत भरायचा. ही विद्या आता मी कुठे वापरू, हा प्रश्न आहे, पण काळ्या कॅमेऱ्यानं ती मला मिळवून दिली नसती.

दसऱ्याला खरेदी करावी असा बेत होता. ते आत्यानं ऐकलं आणि फोनवरून निर्णय दिला: "दसऱ्याला काळी वस्तू घरात आणायची नाही हो! काळंच घ्यायचं असेल तर संक्रांतीला घे." तिच्या मते चंद्रकला साडी आणि कॅमेरा यांना नियम एकच. मी म्हटलं, "आत्या, आदल्या दिवशी खंडेनवमीला स्टुडिओवाले काळ्याच कॅमेऱ्यांना हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालतात." त्यावर ती म्हणाली, "ते आधीपासून घरातलं असतं. घरातल्याचा रंग बघत नसतात." याला उत्तर नाही. शिवाय हळद काळ्या कातड्याच्या दाण्यांत अडकली की सहज निघत नाही, हेही एका स्टुडिओवाल्यानंच मला सांगितलं होतं.

खरं म्हणजे काळ्याचं आकर्षण तो नवा असताना नसतंच, तो झिजल्यावर असतं. जुन्या काळ्या लायकाचे, निकॉनचे कोपरे, पट्टा घासतो ती कडा, बोट टेकतं ती जागा, तिथला रंग उडतो आणि खालून पिवळं धमक पितळ डोकावतं. मुंबईत बोरा बाजारात जुना कॅमेरा हातात घेतला की कोणते भाग झिजले आहेत त्यावरून आधीच्या मालकाची सवय ओळखता येते: हा छातीशी बाळगायचा, हा पिशवीत कोंबायचा. एरवी पितळ उघडं पडणं ही नामुष्की. या पंथात तोच मान. त्या मानाचा मोह इतका, की 2015 साली लायकानं गायक लेनी क्रॅविट्झबरोबर 125 संचांची एक आवृत्ती काढली, तिचा रंग कारखान्यातच हातानं घासून उडवलेला होता. रणांगणावर न जाता जखमा विकत मिळाल्या. माझा आक्षेप पैशांना नाही. दुसऱ्यानं झिजवलेला कोपरा मी कसा मिरवू? माझ्या छत्रीची मूठसुद्धा मी स्वतः झिजवली आहे.

आणि नव्या एक्स100 मध्ये ही गंमत पितळेची नाहीच. त्याचं वरचं आणि खालचं आवरण ॲल्युमिनियमचं आहे. म्हणजे काळा घेतला आणि वर्षानुवर्षं मनापासून वापरला तर आतून निघणार काय? चंदेरी! हा शोध लागला त्या संध्याकाळी मी फार खूश होतो. काळा घेतला की दोन्ही रंग मिळतात, फक्त दुसरा हप्त्याहप्त्यानं. हे गणित मी बायकोसमोर मांडलं.

तिनं शांतपणे विचारलं, "फोटो काढताना तुम्हाला कॅमेऱ्याची कुठली बाजू दिसते?"

"मागची."

"मागची कुठल्या रंगाची?"

दोन्हींची मागची बाजू जवळजवळ सगळी काळीच असते. मी तसं सांगितलं.

"आणि पुढची बाजू कोणाला दिसते? आम्हाला. लग्नात, सहलीला, वाढदिवसाला कॅमेऱ्यासमोर ताटकळत आम्ही उभे. तुमचं ते 'जरा डावीकडे, हनुवटी खाली' चाललेलं असताना आमच्याकडे बघायला दुसरं काय असतं? मग रंग तुम्ही कशाला ठरवताय?"

लायकापासून फुजीपर्यंत शंभर वर्षांच्या इतिहासात हा मुद्दा माझ्या वाचनात आला नव्हता. चंदेरीवर कोरलेले काळे आकडे मला चष्म्याशिवाय वाचता येतात, हाही एक मुद्दा माझ्याकडे शिल्लक होता. शिवाय काळ्या पिशवीत, रिक्षाच्या काळ्या सीटवर काळा कॅमेरा विसरण्याची माझी क्षमता घरात सर्वमान्य आहे. पण निकाल लागल्यावर पुरावे कशाला?

चंदेरी नोंदवला आहे. रेल्वेच्या खिडकीतून आणि संग्रहालयाच्या काचेतून ज्यांना फोटो काढायचे आहेत त्यांनी खुशाल काळा घ्यावा, माझी हरकत नाही. दुकानदार म्हणतो, मागणी फार आहे, कुठला रंग आधी येईल सांगता येत नाही. तेव्हा वाचकांपैकी कोणी काळा नोंदवला असेल आणि हातात चंदेरी पडला, तर जरूर कळवा. बदलून घेऊ. किमतीत काही फरक नाही.