केल्विनशेठ

केल्विनशेठ माणसं ओळखतात ती त्यांच्या हेडलाईटवरून. संध्याकाळी भिवंडीच्या अंजूरफाट्याला चहा घेत उभे असतात. समोरून गाडी आली की कप ओठाशी तसाच धरून निकाल देतात. "साडेसहा हजार. पोरगा नवीन कमवायला लागलाय." मागून पिवळट दिव्यांची जुनी जीप येते. "बत्तीसशे. घरंदाज माणूस. पण वायरिंग सडलंय." मग निळसर दिव्यांचा टेंपो दिसतो आणि शेठ त्याच्याकडे पाठ फिरवतात. आठ हजारवाल्यांचं ते तोंड बघत नाहीत.

त्यांचं खरं नाव आता फक्त सातबाऱ्यावर उरलंय. माणकोली नाक्याच्या आतल्या बाजूला वडिलोपार्जित भातशेती होती, तिथे आता पत्र्याची गोडाऊनं आहेत. मुंबईकराने रात्री मागवलेला मिक्सर सकाळी ज्या गोडाऊनांतून निघतो, त्यांतलं एखादं शेठच्या बांधावर उभं असणार. भाडं महिन्याच्या महिन्याला जमा होतं. आवणी नाही, झोडणी नाही, बैल कधीच विकून झाले. हात रिकामे, आणि दारात पांढरी बोलेरो, मागच्या काचेवर एकविरा आई. अशा वेळी कुणी राजकारणात जातो, कुणी शर्यतीच्या बैलांत. केल्विनशेठ बल्बात गेले.

आता या केल्विनची भानगड. उजेड किती आहे, ते हा आकडा सांगत नाही. उजेड कुठल्या रंगाचा, एवढंच सांगतो. किती ते ल्यूमेनमध्ये मोजतात, पण खोक्यावर ल्यूमेन बारीक अक्षरात असतात आणि केल्विन ठळक. साधा हॅलोजन ३२०० च्या आसपास, पिवळसर. गाडीबरोबर कंपनीतून येणारा झेनॉन साधारण ४३००. दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या घरात आणि बाजारात मिळणारा पांढराफेक एलईडी सहा-साडेसहा हजार. त्याच्या पुढे सगळं निळं. आकडा वाढला म्हणून रस्ता जास्त दिसत नाही. हॅलोजनच्याच काचेवर निळा लेप देऊन 'पाच हजार' म्हणून विकतात, त्यात तर उलट थोडा उजेड लेपच खातो. पण आयुष्यभर चौरस फुटांचा हिशोब केलेल्या माणसाला सहा हजार हे बत्तीसशेपेक्षा कमी कसे, हे कोण पटवणार?

ज्याच्या नावाने हे एकक चालतं त्या विल्यम थॉमसनला १८९२ मध्ये सरदारकी मिळाली, तेव्हा त्याने ग्लासगोच्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव घेतलं. भिवंडीत राहिला असता तर त्याने कामवारी नदीचं नाव घेतलं असतं आणि आज वंजारपट्टी नाक्यावर गिऱ्हाईक सहा हजार कामवारीचे बल्ब मागत असतं.

शेठची प्रयोगशाळा म्हणजे गोडाऊनची मागची भिंत. रात्री शेवटचा कंटेनर गेला, शटर पडलं की बोलेरो भिंतीसमोर उभी करतात. भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढलेली आहे. वॉचमनला रेघेपाशी उभं करून विचारतात, "डोळ्यात जातंय काय?" पगार शेठ देत असल्यामुळे वॉचमन म्हणतो, "नाही शेठ, मस्त दिसतंय." मग बल्ब बदलतात. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. त्या भिंतीवर आजवर लावलेला प्रत्येक बल्ब उत्तम ठरला आहे. भिंतीला खड्डे नसतात.

आधी पिवळ्याचं पर्व आलं. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने गाड्यांना पिवळे हेडलाईट सक्तीचे झाले आणि ते १९९३ पर्यंत चालले, हे शेठना कुठूनसं कळलं. त्यानंतर काही महिने ते फ्रान्सबद्दल व्याह्याच्या गावाबद्दल बोलावं तसं बोलत. आकाश निळं का, हे शाळेत शिकलेलंही त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं: निळा रंग विखुरतो, पिवळा आरपार जातो. हवेच्या रेणूंपुरतं ते खरं आहे. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो रंग बघत नाही, सगळ्यांना सारखंच परत पाठवतो. पिवळा उजेड डोळ्यांना कमी टोचतो, एवढा फायदा मात्र नाकारता येत नाही. आणि फॉग लॅम्प कामाला येतो तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो म्हणून.

तर पिवळे बल्ब लावून शेठ सहकुटुंब वणीच्या गडाला निघाले. पडघा गेलं, शहापूर गेलं, कसारा घाटात धुकं लागलं. शेठ रंगात आले. "बघा, कसं फाडत चाललोय धुकं! फ्रान्सवाले काय येडे होते?" काटा वीसवर होता. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "वीसनं चाललात तं कंदील लावून पन दिसंल." गडापर्यंत पुढे कुणी काही बोललं नाही.

मग पांढरं पर्व. साडेसहा हजारांचे एलईडी आणले आणि हॅलोजनच्याच होल्डरला बसवले. हॅलोजनचा रिफ्लेक्टर त्या बल्बातल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तिथे दुसरं काही घातलं आणि ते जागेवर बसलं नाही, की उजेड वाटेल तिकडे फुटतो: पायाशी लख्ख, लांबवर काळोख आणि उरलेला समोरच्याच्या डोळ्यात. पायाशी लख्ख असल्यामुळे आपल्याला वाटतं, काय उजेड आहे! वाडा रोडवर एका ट्रकवाल्याने दोनदा डिपर मारला, तिसऱ्यांदा गाडी आडवी घातली आणि खाली उतरून विचारलं, "शेठ, मोतीबिंदूचं शिबिर आहे काय?" शेठनी त्याला केल्विन समजावायला सुरुवात केली. मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. ट्रकवालाच शेवटी हात जोडून गेला. शेठ आजही सांगतात, "पटलं त्याला."

पावसाळ्यात भिवंडीचा रस्ता सगळ्या बल्बांना एका पंक्तीत बसवतो. पाणी भरलेला खड्डा आरशाचं काम करतो. आपला उजेड पुढे फेकून देतो, आपल्याकडे काही परत येत नाही, दिसतो तो नुसता काळा डाग. तो दोन बोटं खोल आहे की गुडघाभर, हे तीन हजारातही कळत नाही आणि सहा हजारातही नाही. यावर शेठचा उपाय मात्र अनुभवाचा, आणि मला तो त्यांच्या सगळ्या संशोधनापेक्षा जास्त पटतो: पुढे रिक्षा ठेवायची. रिक्षा खाली गेली की ब्रेक.

निकाल शेवटी वंजारपट्टी नाक्याच्या पलीकडच्या एका वायरिंगवाल्या चाचांनी लावला. शेठ त्यांच्याकडे पाच हजार की ४३००, हा प्रश्न घेऊन गेले होते. चाचांनी बल्बांकडे बघितलंच नाही. मीटर काढला, एक टोक बॅटरीला लावलं, मग होल्डरला लावलं, आणि मीटर शेठच्या नाकासमोर धरला. "बॅटरी से निकलता है पूरा, पहुँचता है आधा-अधूरा. बल्ब बेचारा क्या करेगा?" होल्डरपाशी दहा टक्के व्होल्टेज कमी पडलं तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटतो. चाचांनी रिले टाकला, होल्डर बदलला आणि कंपनीचा साधा ६०/५५ वॅटचा बल्ब परत बसवला. गोडाऊनच्या रस्त्यांची धूळ आणि ऊन खाऊन दुधाळ झालेली हेडलाईटची काच घासली, दोन्ही फोकस स्क्रूने थोडे खाली घेतले. चहा येईपर्यंत काम झालं.

त्या रात्री बोलेरोने माणकोलीपासून वडप्यापर्यंतचा रस्ता स्वच्छ दाखवला. शेठ दोन दिवस जेवले नाहीत. आजार एवढ्या स्वस्तात बरा झाला, याचा धक्का मोठा असतो. कपाटात खोकी रचून ठेवली होती, त्यांचं काय करायचं? वहिनी एवढंच म्हणाल्या, "काच पुसायची व्हती, तं मला सांगायचं ना."

गेल्या मे महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीची हळद होती. मांडववाल्याने सवयीने सगळीकडे पांढरे फ्लडलाईट लावले. संध्याकाळी बेंजोवाले आले तरी शेठ कपडे बदलायला गेले नव्हते. तळहाताला हळद फासून ते एकेका दिव्याखाली उभे राहत होते. "या उजेडात हलद पिठासारकी दिसते. तीन हजारवाले लाव." मांडववाल्याने कुठून कुठून पिवळे दिवे आणून लावले. शेठनी मांडवाच्या टोकाला जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. "आता जरा खाली वाकव. समोरून येनाऱ्याच्या डोल्यात जातोय."

मांडववाला शिडीवरूनच म्हणाला, "शेठ, हलद हाय का कसारा घाट?"