प्राणवायूचा बंदोबस्त

सरकारी चाकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांची एक जात अशी असते, की दप्तर सुटले तरी बंदोबस्ताची वासना सुटत नाही, आणि बंदोबस्त करून घेण्यास माणसे राजी नसली की ती वासना कुंड्या, मांजरे किंवा मासे यांच्याकडे वळते. तहसिलीतील माजी अव्वल कारकून आणि सांप्रत बोदवडचे एक प्रतिष्ठित रहिवासी, आमचे नाना, हे या जातीचे कुलभूषण होत.

नातवाने भुसावळहून एक निळा फायटर मासा आणला, तेव्हा दुकानदाराने स्पष्ट बजावले होते, की या माशाला कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखे एक इंद्रिय असून, तो पृष्ठभागी येऊन वातावरणातील हवा थेट घेतो, सबब त्याच्यासाठी पंप नको. नानांना हे पटण्यासारखे नव्हतेच. पाण्यात राहणाऱ्याने पाण्याला वगळून परभारे हवा घ्यावी, हा त्यांच्या मते सरळसरळ वरिष्ठांना डावलून केलेला अर्ज होता. शिवाय शास्त्रही त्यांच्या बाजूचे निघाले: वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशांना जेमतेम साडेसात, मग जळगाव जिल्ह्यातल्या वैशाखाची काय कथा! पंप आला. भारनियमन सुरू झाले तेव्हा इन्व्हर्टरवर प्रथम हक्क पंपाचा ठरला, आणि घरातला पंखा तहकूब झाला. “मासा हवा खाऊन राहिला, अन् आम्ही घामानं भिजून राहिलो,” ही नानींची तक्रार दप्तरी दाखल होऊन तिथेच राहिली.

मासा मात्र हवा खात नव्हता. लांबलचक पर असलेल्या त्या जिवाला पंपाच्या खळबळाटात धड तरंगता येईना, आणि नराच्या स्वभावधर्माप्रमाणे पृष्ठभागावर बांधलेले फेसाचे घरटे घटकेत विस्कटून जाई. त्यातच, धूळ पडू नये म्हणून नानांनी पेटी काठोकाठ भरून वर काच घट्ट बसवली. म्हणजे प्राणवायूच्या नावाने माशाचे नाक दाबण्याची तजवीज पुरी झाली! तो काचेला तोंड घासू लागला. दारावर आलेल्या भोईणीने घमेल्यातली जिवंत मरळ दाखवत विचारले, “हिला कोन पंप लावते, नाना?” आणि नानींनी कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता काच उचलून चार बोटे पाणी उपसले.



दुसरा कोणी असता तर पंप माळ्यावर गेला असता. परंतु नातवाच्या पुस्तकात नानांना आढळले, की गाळणीच्या स्पंजात राहणारे जिवाणू माशाच्या विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि त्यांना प्राणवायू व मंद खेळते पाणी लागते. म्हणजे पंप माशासाठी नसून कर्मचाऱ्यांसाठी! नानांनी तत्काळ नळीवर तोटी बसवून प्रवाह बुडबुड्यांच्या एका बारीक रांगेवर आणला, आणि अदृश्य का होईना, हजारोंचा अंमला पुन्हा हाताखाली आल्याच्या समाधानाने ते रोज सकाळी स्पंजाची पाहणी करू लागले.

अलीकडे गुरामीच्या पिलांची बोलणी चालली आहेत. पिलांना ते चक्रव्यूही इंद्रिय जन्मतः नसते, पहिले काही आठवडे ती कल्ल्यांवरच जगतात, हे कळल्यापासून नानांनी दुसऱ्या पंपाची मागणी नोंदवली असून, नानींनी हातपंखे आणवले आहेत.