पितो कोण? आम्ही तर चव घेतो!

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका. 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही जिवंत आहे. मधल्या काळात त्याच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, 'दारूबंदी' मात्र जागची हलली नाही. या बंदीतही ज्याला प्यायची आहे त्याने परवाना काढायचा. एका दिवसाचा हवा तर देशीला 2 रुपये आणि विदेशीला 5, वर्षाचे 100 आणि आजन्म प्यायची असेल तर 1000. परवान्यावर कारणही सरकारनेच छापून ठेवलेलं आहे: स्वतःच्या प्रकृतीचं रक्षण आणि संवर्धन. तेव्हा शनिवारी रात्री बालेवाडीच्या हाय स्ट्रीटवर टेबल मिळावं म्हणून जे ताटकळत उभे असतात, ते कायद्याच्या लेखी ओपीडीतले पेशंट आहेत.

इतकी वर्षं मध्यमवर्गाकडे हे एवढंच कारण होतं आणि ते देताना तो ओशाळायचा. परमिट रूमच्या काळ्या काचेमागे, लाल दिव्याच्या उजेडात, ओळखीचं कुणी दिसलं तर दोघांनीही मेनूकार्ड वाचायला घ्यायचं, असा शिष्टाचार होता. 2009 मध्ये पुण्यात कोरिंथियन्स क्लबात 'डूलाली'ने स्वतःची बिअर गाळायला सुरुवात केली. पुढे मुंढव्यात 'इंडिपेन्डन्स' आली, कोरेगाव पार्कात 'एफिंगट' आली आणि शिष्टाचार उलटा झाला. आता काचेमागे स्टीलच्या चकचकीत टाक्या असतात आणि गिऱ्हाईक उघड्यावर, रस्त्याला दिसेल असं बसतं. ओळखीचं कुणी दिसलं तर हात करून बोलावतात, वर विचारतात, "तुम्ही इथला स्टाउट घेतलाय का? घ्याच!" ज्या आवाजात पूर्वी सवाई गंधर्वच्या सीझन तिकिटाची चौकशी व्हायची, तोच हा आवाज.

क्राफ्ट बिअरने आपल्याला नशा दिली असं कुणी म्हणणार नाही. पाच टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलात ती कितीशी येणार! तिने दिला तो विषय. व्हिस्कीवर बोलून बोलून माणूस किती बोलणार? बर्फ की पाणी की सोडा, संपलं. इथे मात्र हेफेवायझनचा घोट घेतला की समोरचा समजावू लागतो, की यात केळं घातलेलं नाही, हा केळ्याचा वास यीस्टचा, आणि मागून लवंग येते तीही यीस्टचीच. मग एल उबेत आंबते आणि लागर थंडीत, हे येतं. पाठोपाठ बव्हेरियाचा 1516 चा शुद्धतेचा फतवा येतो, की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाण्याखेरीज काही घालायचं नाही. हे ज्या ग्लासावर हात ठेवून सांगितलं जातं, त्यात हापूसचा रस असतो.

आयपीएची, म्हणजे इंडिया पेल एलची, तर स्वतंत्र व्याख्यानमाला आहे. साहेबाची बिअर हिंदुस्थानपर्यंतच्या बोटीच्या प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्स घातले, असं पहिला सांगतो. त्याच बोटींतून पोर्टरही सुखरूप यायची, असं दुसरा त्याला दुरुस्त करतो. इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम किती, यावर तिसरा सुरू होईपर्यंत ग्लासातला फेस बसलेला असतो. गंमत अशी, की नावात इंडिया असलेली ही बिअर जन्मली इंग्लंडात, तिच्यातले हॉप्स बहुधा अमेरिकेतले, पाणी पुण्याचं, गाळली मुंढव्यात, मेनूवर तिच्यापुढे 'लोकल' असा हिरवा शिक्का आणि सरकारी दफ्तरात तिची नोंद विदेशी मद्यात. एवढी नागरिकत्वं एका ग्लासात नांदवायची म्हणजे त्यावर कुणी तरी बोललंच पाहिजे.

खाण्याचंही तेच. परमिट रूममध्ये वेटर न मागता शेंगदाणे, चण्याची डाळ नाहीतर उकडलेल्या अंड्याच्या फोडी आणून ठेवायचा. त्याला चकणा म्हणत आणि त्याचे पैसे मागितले तर भांडण होई. आता चकण्याला 'स्मॉल प्लेट' म्हणतात आणि प्लेट खरोखरच स्मॉल असते. ठेचा चिकनच्या पंखांना लागतो आणि भाकरी टाकोसारखी दुमडून येते. आपण ज्या आजीच्या हातची भाकरी नको म्हणून पावभाजी मागायचो, तिचीच भाकरी इथे फोटो काढून खाल्ली जाते. बिअर गाळल्यावर उरलेला बार्लीचा चोथा गोठ्यांत जातो, गुरं तो आवडीने खातात. काही ठिकाणी थोडा चोथा मागे ठेवून त्याचा पिझ्झा करतात. म्हशीने खाल्ला तर पशुखाद्य, आपण खाल्ला तर पर्यावरणरक्षण. म्हशीला मात्र त्यावर सर्व्हिस चार्ज भरावा लागत नाही.

बिलात सरकारही चव घेतं. पंखांवर केंद्र-राज्य मिळून 5 टक्के जीएसटी. बिअर जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे तिच्यावर राज्याचा स्वतंत्र व्हॅट. परमिट रूममधला हा व्हॅट नोव्हेंबर 2023 मध्ये 5 वरून 10 टक्क्यांवर गेला. प्रकृतीच्या संवर्धनासाठी घेतलेल्या औषधावर दारूबंदी करणारं सरकार दहा टक्के घेतं आणि आषाढी एकादशीला, अनंत चतुर्दशीला नि 2 ऑक्टोबरला पेशंटांना सक्तीचा उपास घडवतं. वयाचा हिशेबही बारकाईने केलेला आहे. बिअरला 21 पूर्ण हवीत, व्हिस्कीला 25. लोकसभेला उभं राहायलाही 25 लागतात. थोडक्यात, पेग पचवायला आणि खासदारकी पचवायला सारखीच पक्वता लागते, असं आपल्या कायद्यांचं एकमत आहे.

तेव्हा परवान्याच्या अर्जात सुधारणा सुचवावीशी वाटते. एकट्या प्रकृतीवर आता भागत नाही. 'चव', 'ज्ञानार्जन', 'स्थानिक उद्योगाला हातभार' आणि 'ऑफिसच्या टीमची एकजूट' असे रकाने वाढवावेत. कोरेगाव पार्क ते बाणेर जो तो आपापल्या रकान्यात खूण करेल आणि समाधानाने दुसरी मागवेल. शेवटी एक रकाना 'प्यायची आहे म्हणून' असाही ठेवावा. त्याची फी सरकारने वाटेल तेवढी लावावी, आपल्यापैकी कुणी त्याला हात लावणार नाही.

तिथे खूण करणारा भेटेल तो देशीच्या दुकानात. दिवसभर स्लॅबवर काँक्रीटची घमेली चढवून तो संध्याकाळी येतो, काउंटरवर उभ्या उभ्या रिचवतो, रोख देतो आणि निघतो. का पितोस विचारलं तर म्हणतो, "चढते म्हणून." ना यीस्ट, ना बव्हेरिया, ना म्हशीचा चोथा. कारण न देता पिणारा राज्यात तो एकटाच, आणि बेवडा म्हणतात तेही त्यालाच.