चात सरळ पाहिजे

रसायनीत निवृत्त फिटरांना तोटा नाही. 1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना झाली, पुढे पाताळगंगेच्या काठाने एकेक कंपनी येत गेली, आणि पंप, व्हॉल्व्ह नि कपलिंगं सांभाळता सांभाळता दोन पिढ्यांचे केस पिकले. असा माणूस साठीला घरी बसला की पहिल्या महिन्यात घरातले नळ दुरुस्त करतो. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांचे. तिसऱ्या महिन्यात गळणारं काही उरत नाही, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, कुणी बोन्साय करून झाडांना छळतो. आमच्या मोहोपाड्याच्या काकांनी चरखा करायला घेतला.

करायला म्हणजे बनवायला. कातायला नव्हे. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं समजेल.

काका गांधीवादी नाहीत. शर्ट टेरिकॉटचा, चहात साखर दोन चमचे, आणि सत्याग्रह म्हणाल तर बायकोपुढे केलेला एकुलता एक, तोही जेवणाच्या वेळेपर्यंत टिकलेला. विनोबांचं गागोदे इथून लांब नाही, शेजारच्या पेण तालुक्यातलंच. म्हणून कौतुकाने मी एकदा सांगायला गेलो, की काका, विनोबांनी नालवाडीला असताना सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहिलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चात केवढ्या जाडीची होती?"

चात म्हणजे चरख्याची ती टोकदार लोखंडी काडी, जिच्यावर सूत गुंडाळलं जातं. काकांचं सगळं अध्यात्म त्या काडीत आहे. त्यांचा सिद्धांत असा, की चरखा बिघडत नाही, चात वाकते. त्यासाठी ते दहा नंबरच्या स्टीलच्या विणायच्या सुया वापरतात. घरातल्या संपल्या, मेहुणीच्या संपल्या. मेहुणीचं स्वेटर एका बाहीवर अडकलं आहे आणि तिने येणं बंद केलं आहे. सुई आणली की ती टीपॉयच्या काचेवर ठेवायची, डोळा काचेच्या पातळीत आणायचा आणि बोटाने हळूच लोळवायची. काच आणि सुई यांच्यामधून उजेडाची बारीक फट दिसली की काका "हं" म्हणतात. मग लाकडी हातोडीची टिचकी. पुन्हा लोळवण. या काळात कुणी चहा ठेवायचा नाही, टीपॉय हलतो.

आत्तापर्यंतच्या चरख्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. पहिला सायकलच्या रिमचा. तो झकास फिरायचा, म्हणूनच बाद झाला. लोखंडाचं चाक ही लबाडी आहे असं काकांचं मत पडलं. दुसरा जुन्या दाराच्या सागवानाचा. त्याच्यासाठी सुताराकडे खेपा झाल्या. सुतार शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, पलंग सांगा, देव्हारा सांगा, करून देतो. ह्याचं माप रोज बदलतं." तेव्हापासून रंधा, पटाशी, गुण्या घरातच आले. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे तर आधी भुसा झटकावा लागतो. "आज एक सूत काढलं," असं काका अभिमानाने सांगतात तेव्हा ते फळीच्या जाडीबद्दल बोलत असतात.

तिसरा मात्र त्यांचा लाडका: हापूसच्या रिकाम्या पेटीत बसवलेला पेटी चरखा. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्या घडीच्या चरख्यावर डोकं चालवलं, त्याची ही कोकणी आवृत्ती. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं, लहान चाक चातीला, त्यामुळे एवढ्याशा जागेत भरपूर वेग मिळतो. चात ज्यात फिरते ते चामड्याचे तुकडे काकांनी स्वतःच्या कोल्हापुरी वहाणेतून कापले. चाक आणि चात जोडणाऱ्या सुती दोरीला, म्हणजे माळेला, पकड यावी म्हणून राळ लावली. सगळं जमलं आणि जून आला.

आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पेटीची फळी फुगली, चाक अडकून बसलं, सुती माळ ओलीने आखडली. श्रावणात चरखा फिरेना आणि मार्गशीर्षात माळ इतकी सैल, की चाक फिरे नि चात जागच्या जागी. काका दुःखी झाले असतील असं वाटेल तुम्हाला. छे! त्यांना आठ महिन्यांचं काम मिळालं.

कातायचा प्रसंग येतो तो पाहुणे आले की. यवतमाळहून भाच्याने पाठवलेल्या कापसाचे पेळू, म्हणजे कातायच्या वळकट्या, केलेल्या असतात. काका मांडी घालतात, डाव्या हातात पेळू, उजवा हात चाकाच्या मुठीवर. वीतभर तार येते, दीड वीत येते, आणि तुटते. इथे त्यांचा चेहरा पाहावा: सुटका झाल्याचा आनंद! "बघितलंत? चातीला प्ले आहे." लगेच चरखा उघडला जातो आणि पाहुण्यांचं कातणं पाहणं राहून जातं. एका उन्हाळ्यात त्यांनी काटेसावरीचा कापूसही लावून पाहिला. तो तंतू इतका गुळगुळीत, की पीळ धरतच नाही. सोफ्यावर मात्र छान धरला.

याच पाताळगंगेवर रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना 1982 पासून चालतो. असल्या कारखान्यात धागा मिनिटाला तीनेक हजार मीटरच्या वेगाने निघू शकतो. खादीची एक गुंडी म्हणजे 640 तार, चार फुटांची एक. म्हणजे पाऊण किलोमीटरहून थोडं जास्त. सराईत हाताचे तीत दोनेक तास जातात, त्या यंत्राला पंधरा-सोळा सेकंद. हा हिशेब मी मांडला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "त्यांचं मेंटेनन्स किती आहे ते विचारा."

पण काकांचं खरं लक्ष एका बक्षिसावर आहे. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्याला एक लाख रुपये जाहीर केले. अटी अशा: आठ तासांत 16,000 वार सूत, बाईमाणसाला न दमता चालवता यावा, किंमत 150 रुपयांच्या आत, आणि वीस वर्षं टिकावा. किर्लोस्करवाडीच्या काळे यांनी यंत्र करून धाडलं होतं, ते कसोटीला उतरलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. "म्हणजे ते अजून शिल्लक आहे," असं काका म्हणतात, आणि व्याजाचा विषय काढतात. दीडशे रुपयांत त्यांनी चरखा बसवलाही आहे. त्यात सागवान, हत्यारं, राळ आणि मेहुणी धरलेली नाही.

काकू या सगळ्यात कुठे आहेत? त्या संध्याकाळी मालिका बघत बसतात. शेजारी काकांचा यवतमाळचा कापूस. बोटाला किंचित दूध लावायचं, चिमूटभर कापूस ओढायचा, तळहातावर पीळ द्यायचा. डोळे टीव्हीवर. लक्ष वातींचा संकल्प आहे, अर्ध्याच्या पुढे गेल्यात. "अहो, कापूस संपत आला," एवढंच त्या काकांना अधूनमधून सांगतात. काका खूश होतात. कापूस संपतोय, त्या अर्थी काम पुढे चाललंय.

सध्या चौथा चरखा शिवणीच्या लाकडात चालू आहे. तेव्हा विनंती एवढीच, की घरात स्टीलच्या जुन्या विणायच्या सुया पडून असतील तर भंगारात देऊ नका, मोहोपाड्याला पोचत्या करा. दहा नंबरच्याच हव्यात. देण्यापूर्वी काचेवर लोळवून बघा. वाकडी सुई काका परत पाठवतात, आणि सोबत ती कशी सरळ करायची याचं दोन पानी पत्रही.