गडग्यावरून: शिबिराची पोरं

"वहिनी, भाकरी राहू दे तव्यावर, आधी इकडे गडग्याशी या. पऱ्याकडे जाऊन आलात की नाही?"

"कुठलं हो काकू! गोठा आवरून आत्ता चुलीशी आले. का, काय झालं?"

"पाणी तुंबलंय. मांडीला लागेल एवढं!"

"त्या शिबिराच्या पोरांनी घातलेल्या बंधाऱ्याने? मला वाटलं, सकाळी प्रभातफेरी, दुपारी बौद्धिक, रात्री नाच-गाणी, नि सातव्या दिवशी टाटा करून जातील."

"पहिल्या दिवशी तसंच दिसत होतं. निम्म्यांना फावडं धरता येईना. एकीची नवी चप्पल चिखलात गेली ती अजून आलेली नाही. पण त्यांच्या सरांनी शहाणपणा केला, खालच्या घरच्या आजोबांना गाठलं. मग काय, म्हातारा खुर्ची टाकून पऱ्यातच बसला. 'सिमेंटच्या गोण्या गच्च भरू नका, नीट बसत नाहीत. तोंडं सुतळीने शिवा. सांधेमोड करून रचा, विटा रचतात तशा. मध्ये चिकणमाती ठासा.' चार तास तोंड चालू!"

"आणि गोण्या कुठून आणल्या?"

"तीच तर गंमत. वरच्या घरचं बांधकाम चालू आहे ना, तिथून."

"अगो बाई! वरचे नि खालचे तर पाटाच्या पाण्यावरून बोलत नाहीत."

"पोरांना काय ठाऊक! गोण्या वरून आणल्या, दाभण खालून. शेवटच्या दिवशी दोन्ही घरचे म्हातारे बंधाऱ्यावर. मध्ये एक पोरगा उभा. 'त्यांना सांग, डावीकडे गळतंय.' 'त्यांना सांग, मला डोळे आहेत.' बिचाऱ्याची मान दोन्हीकडे फिरून दुखली असेल."

"पण काकू, आमची पुतणी म्हणते, हे सगळं १० मार्कांसाठी असतं."

"असेना का! आपली मंडळी श्रमदानाला यायची ती नंतरच्या वडे-सागोतीसाठीच ना? पाणी काय मार्कशीट बघून अडतं?"

"तेही खरं."

"आमचे हे तर पहिल्या खेपेतले. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ही शिबिरं भरवणारी राष्ट्रीय सेवा योजना निघाली, तेव्हा हे कॉलेजात होते. आता कोणी पोरगा योजनेचा बिल्ला लावून दिसला की त्याला थांबवतात. 'हे कोणार्कच्या रथाचं चाक. आठ आरे म्हणजे आठ प्रहर. दोन वर्षांत २४० तास काम, ठाऊक आहे ना?' पोरगा बस चुकवून ऐकत राहतो."

"माझ्या बहिणीकडे चिपळुणात विचारा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी घरात शिरली, तेव्हा ओट्यापर्यंत गाळ. पाहुणे फोन करून हळहळले, गाळ उपसला तो अशाच कुठकुठल्या पोरापोरींनी. तिने त्यांना चहा द्यायचा म्हटला तर घरात कप नव्हता."

"म्हणून म्हणते, नावं ठेवायची घाई नको. आपली विहीर दरवर्षी फेब्रुवारीत तळ दाखवते. यंदा मार्च निघाला तरी मिळवली. मी परसात वाली लावून टाकलीय."

"निघेल हो. पण पोरं गेली. आता बंधाऱ्याकडे बघणार कोण?"

"तेच सांगायला तर हाक मारली! काठाकडच्या वरच्या थरातल्या दोन गोण्या आज सकाळी गायब आहेत. माती तिथेच ओतलेली."

"कोणी नेल्या?"

"मी कोणाचं नाव घेत नाही."

(काकूंनी हे म्हटलं की नाव पुढच्याच वाक्यात येतं, हे अख्ख्या वाडीला पाठ आहे.)

"फक्त एवढंच, की बावीजवळच्या घरातल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आज नवं झाकण आहे. त्यावर सिमेंट कंपनीचं नाव सुद्धा वाचता येतं."

"अहो, तिथून पाणी फुटलं तर सगळंच वाहून जाईल!"

"म्हणून तर निघालेय. दोन रिकाम्या गोण्या घेतल्यात, दाभण तुमच्याकडे आहे का?"

"आहे ना. थांबा, तेवढी भाकरी उलथते."