त्याला आधी झोपू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सत्कार समिती.



आपली निमंत्रणपत्रिका पोचली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, कडेला नांगर, मधोमध शिडाची बोट, आणि बोटीपेक्षा मोठे अकरा फोटो. त्यांतला एकच फोटो समुद्र पाहिलेल्या माणसाचा, तोही खालच्या रांगेत. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून येणारा हा माणूस सकाळी धक्क्याला लागणार आणि त्याच दिवशी ‘सायंकाळी ठीक 6 वाजता’ आपण त्याला सभागृहात बसवणार. ढोल-ताशा पथकासह मिरवणूक, दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, मान्यवरांचा परिचय, मान्यवरांची मनोगतं, शाल-श्रीफळ, मानपत्राचं वाचन, सत्कारमूर्तींचं मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. सत्कारमूर्ती बोलणार नवव्या क्रमांकावर. जो सात-आठ महिने थांबला तो आणखी तीन तास थांबेल, असा हिशेब दिसतो. नियोजनाबद्दल अभिनंदन. अडचण एवढीच आहे की त्या संध्याकाळी बोट पोचलेली असेल, माणूस अजून वाटेत असेल.

आधी शरीराचं पाहू, कारण त्यावर वाद घालायला फारशी जागा नाही. समुद्रावरचे पहिले दिवस मळमळण्यात गेले की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि मेंदू मिळून तडजोड करतात: बोट हलणारच हे धरून चालायचं आणि प्रत्येक हेलकाव्याला आपसूक उलटा झोक द्यायचा. महिनोन्‌महिने हेच चाललं की जमिनीवर उतरल्यावरही मेंदू झोक देत राहतो. फरशी डोलते, भिंती कलतात, आणि बंदिस्त खोलीत स्तब्ध उभं राहिलं की जास्तच. वैद्यकशास्त्रात याला ‘माल द देबार्कमाँ’ असं फ्रेंच नाव आहे. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत ओसरतं, काहींचं आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. आता आपला क्रमांक दोन पाहा. समईभोवती अकरा मान्यवर दाटीनं उभे आहेत, फोटोग्राफर ‘सर, जरा इकडे’ म्हणतोय, आणि ज्याच्या पायाखालची फरशी अजून दक्षिण महासागरात आहे त्याच्या हातात पेटती मेणबत्ती. शाल सातव्या क्रमांकावर ठेवलीत, हे त्यातल्या त्यात बरं केलंत. पायांचंही तेच. अभिलाष टॉमी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ज्या ‘बायानात’वर दुसरे आले ती बोट 36 फुटांची, म्हणजे जेमतेम 11 मीटर लांब. तीवर 236 दिवस. खांद्यांना, मनगटांना, कमरेला दिवसरात्र मेहनत, पण पोटऱ्यांना सलग शंभर पावलं चालणं नाही. असल्या पायांना मिरवणुकीत चालवायचं की उघड्या जीपमध्ये उभं करायचं, यावर समितीत म्हणे दोन गट पडले आहेत. झोपेचं काय सांगू? क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून एकटा खलाशी गजर लावून तुकड्यातुकड्यानं झोपतो आणि अनोळखी आवाज आला की ताडकन उठतो, कारण बोटीवर नवा आवाज म्हणजे काहीतरी तुटलं. त्याच्यासाठी आपण पन्नास ढोल सांगितले आहेत. राहिलं हस्तांदोलन. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान द कुन्हा या एकाकी बेटावर जहाज येऊन गेलं की पाठोपाठ गावभर सर्दीची साथ यायची, हे जुनं निरीक्षण आहे. माणसांपासून महिनोन्‌महिने दूर राहिलेल्याला चारशे हात हातात घ्यायला लावण्याआधी समितीतल्या डॉक्टर सदस्यांना विचारावं.

एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं. सर्दी बरी होते. माझी खरी तक्रार अशी की परत येणं म्हणजे प्रवास संपल्यावरचा कार्यक्रम, असं आपण धरून चालला आहात. मला ती प्रवासाचीच एक मजल वाटते, आणि तिच्यात माणसं बुडालेली आहेत. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत 1968 साली सुरू झाली. नऊ जण निघाले, पुरी करून एकच आला: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 22 एप्रिल 1969, फालमथ. बाकीच्यांतले बरेच लवकर गळले. तिघांचं मात्र आपण नीट वाचावं. फ्रान्सचा बर्नार्ड म्वातिसिए हॉर्नचं भूशीर ओलांडून घराच्या वाटेला लागला होता, वेगाचं बक्षीस हाताशी होतं. त्यानं शर्यत सोडली, पुन्हा केप ऑफ गुड होपकडे वळला, केप टाउनजवळ एका जहाजावर गलोलीनं निरोप फेकला की मी येत नाही, आणि सरळ ताहितीला गेला. वादळं त्यानं झेलली होती. युरोपातलं स्वागत झेलायची त्याची तयारी नव्हती. दुसरा नायजेल टेटली. त्यानं आपलीच जातानाची वाट ओलांडून प्रदक्षिणा पुरी केली होती. मागून प्रतिस्पर्धी जोरात येतोय या समजुतीनं त्यानं आधीच खिळखिळी झालेली बोट ताणली, ती 21 मे 1969 रोजी फुटून बुडाली, आणि तो वाचला. हातात आलं उत्तेजनार्थ बक्षीस. पुढची बोट, पुढची मोहीम यांची जुळवाजुळव करत राहिला आणि 1972 साली गेला. जमिनीवरच.

तिसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट, ज्याच्या भीतीनं टेटलीनं बोट ताणली तो. हा अटलांटिक सोडून कधी बाहेर पडलाच नव्हता. खोटी ठिकाणं कळवत तिथेच फिरत होता. विजेत्याच्या मागून येऊन गुपचूप घरी जायचं, कुणी त्याच्या नोंदवह्या उघडणार नाही, असा त्याचा बेत असावा. टेटलीची बोट बुडाली आणि हा विजेता ठरण्याची वेळ आली. गावात स्वागताची जय्यत तयारी चालल्याच्या तारा त्याला बोटीवर मिळू लागल्या. 10 जुलै 1969 रोजी त्याची बोट भर समुद्रात सापडली. चालू स्थितीत, नोंदवह्या जागच्या जागी, माणूस नाही. त्याला समुद्रानं बुडवलं असं म्हणण्याची सोय बोटीनं ठेवली नाही. कर्ज, अर्धवट बांधलेली बोट, स्वतःचा खोटेपणा, ही कारणं खरीच. पण त्या यादीत बंदरावर वाट पाहणारी गर्दीही आहे, आणि तिचं नाव कुणी घेत नाही. चार मुलांचा बाप घरी यायला घाबरला, अध्यक्षमहाराज! आणि त्या तारा पाठवणाऱ्यांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. तुमचाही नाही. म्हणूनच संताप येतो. दुष्टाव्याला निदान तोंडावर बोलता येतं, प्रेमानं आखलेल्या कार्यक्रमपत्रिकेचं करायचं काय?

आपलं उत्तर मला ठाऊक आहे: नॉक्स-जॉन्स्टनना काही झालं नाही. बरोबर. जाण्यापूर्वी आणि आल्यावर मानसोपचारतज्ज्ञानं त्यांना तपासलं आणि दोन्ही वेळा माणूस चिंता वाटावी इतका ठीक असल्याचा निर्वाळा दिला. त्यांनी बक्षिसाचे 5,000 पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले, पुढे आयुष्यभर समुद्रावर जात राहिले, आणि आपल्या दिलीप दोंदे यांनाही जगाच्या फेरीच्या तयारीच्या काळात मार्गदर्शन केलं. पण नवांतला एक ठणठणीत निघाला म्हणून कार्यक्रम सगळ्यांना मानवतो, हे कुठलं तर्कशास्त्र? शिवाय त्यांना तपासायला आधी डॉक्टर बोलावला होता, आपल्या पत्रिकेत तो अकरांतही नाही. आपण फ्रान्सिस चिचेस्टरचंही नाव घ्याल. पासष्टीचा माणूस, एकट्यानं जग फिरून मे 1967मध्ये प्लिमथला उतरला, राणीनं ड्रेकच्या तलवारीनं ‘सर’ केलं. केलं खरं, पण जुलैमध्ये, ग्रीनिचला. राणीला थांबता आलं, आपल्या स्वागताध्यक्षांना येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, म्हणून त्याला टाळत नाही. मोहिमेला लोकांचा पैसा लागतो, आणि लोकांना आपला माणूस डोळ्यांनी बघण्याचा हक्क आहे. मान्य. ‘म्हादेई’ ही बोट दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी या कल्पनेचा पाठपुरावा केला, 2009-10मध्ये दोंदे तीवरून जगाला फेरी मारून आले, नंतर टॉमी कुठेही न थांबता आले. यात नौदलाचा, म्हणजे आपल्या सगळ्यांचा वाटा आहे. पण हक्काला तारीख जोडलेली नाही. टॉमी 31 मार्च 2013 रोजी प्रदक्षिणा पुरी करून मुंबईत पोचले. राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या उपस्थितीत गेट वे ऑफ इंडियाला औपचारिक स्वागत झालं ते 6 एप्रिलला. मधले दिवस कुणी कशासाठी ठेवले असतील ते असोत, राष्ट्राच्या अभिमानाला त्यानं तडा गेला नाही. राजशिष्टाचाराला सहा दिवस चालतात आणि आपल्याला सहा तास चालत नाहीत. ‘आमच्या पोरांना प्रेरणा मिळावी’ असंही पत्रिकेत छापलंय. पोरांना प्रेरणा हवी असेल तर त्यांना बोटीवर न्या, हाताला दोर लागू द्या, त्या केबिनमध्ये पाय पसरता येत नाहीत हे बघू द्या. मागच्या रांगेत बसून अध्यक्षीय समारोप ऐकल्यानं आजवर कुणी दर्यावर्दी झालेलं नाही. तिसरं, ‘तो स्वतःच्या मर्जीनं गेला होता.’ समुद्रावर गेला होता, हो. मांडवात यायची मर्जी कुणी विचारली?

आपल्याकडे समुद्र ओलांडून आलेल्याला पूर्वी प्रायश्चित्त घ्यावं लागे, पंचगव्य प्यावं लागे, तेव्हा कुठे तो पंगतीला चाले. आता शाल मिळते. सुधारणा आहेच, पण दोन्ही विधी मागे राहिलेल्यांच्या समाधानासाठीच योजलेले, हे साम्य डोळ्याआड करता येत नाही. गेलेला माणूस बदलून आलेला असतो आणि ते आपल्याला सोसवत नाही. त्याला लवकरात लवकर ओळखीच्या साच्यात बसवायचं असतं, मग तो पापी असो नाहीतर वीर. ‘दोन शब्द’ बोलायचा आग्रहही त्यातलाच. एकटं वाटलं का, भीती वाटली का, देव आठवला का, याची उत्तरं त्याला स्वतःला सापडायला वर्ष लागेल. आपल्याला ती रात्री नऊच्या आत, माईकवर, टाळ्यांच्या जागा सोडून हवी असतात. पहिल्याच संध्याकाळी काढून घेतलेलं उत्तर पुढे जन्मभर त्याच्या गळ्यात पडतं, दर सभेत तेच म्हणावं लागतं. श्रीफळाचं तर राहूनच गेलं. कोळीबांधव नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला देतात. समुद्राकडून आलेल्याला तो देण्यामागचं शास्त्र कळल्यास कळवावे.

मात्र एक बोललं पाहिजे. आपल्या कार्यवाहांची धावपळ मी समजू शकतो. सभागृहाचं बुकिंग, पोलीस परवाना, ध्वनिक्षेपकाचा परवाना, मान्यवरांच्या तारखा, कुणाचा फोटो किती सेंटिमीटरचा यावरचे रुसवेफुगवे, आणि हे सगळं स्वतःची नोकरी सांभाळून, बिनपगारी. कार्यकारिणीतल्या बहुतेकांची समुद्राशी ओळख अलिबागच्या लाँचपुरती असावी. कुणीतरी आपल्यातून उठून हॉर्नला वळसा घालून आलं, त्याच्या बाहीला नुसता हात तरी लागावा, ही ओढ खोटी नाही. तिच्यावर हसणारा मीही किनाऱ्यावरच बसून लिहितोय. त्या ओढीला माझा विरोध नाहीच. ती इतक्या लवकर का संपते, एवढंच विचारायचं आहे. दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो, समिती विसर्जित होते, हिशेबतपासणी होते. आणि त्याचं बंद पडलेलं सिम, अडलेलं केवायसी, थकलेले हप्ते, निवृत्त असेल तर हयातीचा दाखला, हे सगळं तो एकटा उरकतो. जोशुआ स्लोकम 1898मध्ये एकट्यानं जग फिरून येणारा पहिला माणूस ठरला. पुस्तक लिहिलं, नाव झालं, जमीन घेऊन शेती करून पाहिली, जमली नाही. पुन्हा त्याच बोटीतून गेला तो परतला नाही, आणि 1924मध्ये न्यायालयानं तो 1909 सालीच मेल्याचं ठरवलं. इतकी वर्षं त्याचं नक्की काय झालं हे सांगू शकेल असं त्याच्या सोबत कुणी नव्हतं. सोळाव्या वर्षी 2012मध्ये प्रदक्षिणा पुरी करणारी लॉरा डेकर तर नेदरलँड्सला राहायला परतली नाही. बोट घेऊन न्यूझीलंडला निघून गेली. जाण्याआधी तिला अडवायला सरकार कोर्टात गेलं होतं, त्या मानानं तिनं फारच सभ्यपणे नाही म्हटलं.

तेव्हा विनंती अशी. धक्क्यावर त्याच्या घरचे दोन-तीन जण आणि एक डॉक्टर असू द्या. ढोलपथकाला दिलेल्या उचलीतून महिनाभर फिजिओथेरपी होते, ती करा. सिम आणि बँकेच्या कामाला समितीतला एखादा चिवट निवृत्त कारकून लावा. असा एक जण प्रत्येक समितीत असतोच. सत्कार सहा महिन्यांनी करा, तोवर पेपरवाले गेलेले असतील आणि कुणीतरी आठवण ठेवली याचं त्याला बरं वाटेल. तेव्हा त्याला पहिल्या क्रमांकावर बोलू द्या, आणि तो नको म्हणाला तर मानपत्र पोस्टानं पाठवा. हॉलवाल्याला आजच फोन करा. डिपॉझिट कापतील, कापू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
निमंत्रितांच्या यादीतला एक